वशिला कोणाचा, मागणे कोणाकडे?

परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस फेब्रुवारीत भरतो आणि त्याच्या आगेमागे या सदराच्या टपालात दर्ग्यांविषयीची पत्रे वाढतात. यंदा त्यांतली चार पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली: कबरीत विसावलेल्या वलीकडे, म्हणजे संतपुरुषाकडे, काही मागावे का, आणि मागितल्यास ते इस्लामी श्रद्धाशास्त्राच्या चौकटीत बसते का. म्हणून या अंकातली जागा त्याच प्रश्नाला दिली आहे. मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा मला अधिकार नाही. जुन्या ग्रंथांत कोण काय म्हणाले आणि का म्हणाले, एवढे मांडतो आणि जिथे माझे मत आहे तिथे ते माझे म्हणूनच देतो.

प्रश्न: आमची अम्मी दर जुमेरातीला गावच्या दर्ग्यात जाते. गेल्या वर्षी धाकट्या भावाला मेंदूज्वर झाला, तेव्हा ती चाळीस दिवस रोज गेली आणि कबरीच्या पायथ्याशी बसून “बाबा, मेरे बच्चे को अच्छा कर दो” म्हणत राहिली. दवाखाना चालू होताच. भाऊ बरा झाला. आखातातली नोकरी सोडून परतलेला माझा भाचा म्हणतो की हे शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणे, आहे, नानीने तौबा करून पुन्हा कलमा पढला पाहिजे. मशिदीतले वयस्कर इमामसाहेब म्हणतात की वसीला घ्या असे कुरआनच सांगते. दोघेही आयती दाखवतात आणि मला दोघांचेही पटते. दोन महिन्यांपासून अम्मी आणि भाचा एका दस्तरखानावर बसत नाहीत. यात इस्लामची भूमिका कोणती? – एक वाचक, सेलू तालुका

उत्तर: आधी शब्दांकडे पाहू, कारण निम्मे भांडण शब्दांच्या सरमिसळीतून उठलेले आहे. इमामसाहेब ज्या वसील्याविषयी बोलतात तो कुरआनच्या सूरा माइदा या अध्यायाच्या ३५व्या आयतीत, म्हणजे वचनात, आहे. श्रद्धावंतांनी अल्लाहचे भय बाळगावे आणि त्याच्या जवळ जाण्याचे साधन शोधावे, असा तिचा आशय. हाच शब्द मराठीत येऊन ‘वशिला’ झाला, आणि येताना त्याला कचेरीचा वास लागला. वशिल्याचे तट्टू म्हटले की डोळ्यांसमोर तहसील कार्यालयाचा व्हरांडा उभा राहतो, आत साहेब, बाहेर रांग आणि मधल्या दारातून सुटणारा कोणाचा तरी मेहुणा. मूळ अरबी शब्दात हे काही नाही. तिथे अर्थ केवळ ‘जवळ जाण्याचे साधन’ एवढाच आहे. दुसरा शब्द शफाअत. तो ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ जोडी किंवा समसंख्या असा होतो: एकटा मागणारा उभा असताना दुसरा त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो आणि एकाचे दोन होतात. आपली ‘शिफारस’ उच्चाराने त्याच्या जवळची वाटली, तरी ती फारसीतून आलेली आहे. अर्थ मात्र पुष्कळसा जुळतो.

वसील्याचे तीन प्रकार सर्व पंथांना मान्य आहेत. अल्लाहला त्याच्या नावांची आणि गुणांची आठवण देऊन मागणे हा पहिला. स्वतःच्या सत्कृत्याचा आधार घेणे हा दुसरा. दरड कोसळून गुहेत अडकलेल्या तिघांनी आपापले एकेक निर्मळ कृत्य सांगून सुटका मागितली आणि दगड सरकला, ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची नोंद, बुखारी या संग्रहात आहे. जिवंत सज्जनाला “माझ्यासाठी दुआ करा” म्हणणे हा तिसरा. सूरा यूसुफमध्ये याकूबांचे मुलगे आपल्या वडिलांना हेच म्हणतात. वाद सुरू होतो तो सज्जन माणूस या जगातून गेल्यानंतर.

आता तीन वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहा. “या अल्लाह, तुझ्या या वलीच्या सदक्याने माझ्या मुलाला बरे कर.” “बाबा, माझ्या मुलासाठी अल्लाहकडे दुआ करा.” “बाबा, माझ्या मुलाला बरे करा.” दर्ग्यातल्या गर्दीत ही तिन्ही एकाच सुरात कानावर येतात आणि म्हणूनच ती एकच गोष्ट आहे असे वाटते. शाळेत आपण ज्या विभक्ती पाठ केल्या त्यांतली शेवटची संबोधनाची होती. सातशे वर्षांचा हा वाद मला तरी त्या संबोधनापाशी आणि क्रियापदाच्या कर्त्यापाशी येऊन थांबलेला दिसतो. हाक कोणाला मारली आणि ‘बरे करणारा’ कोण मानला, हे दोन प्रश्न प्रत्येक वाक्याला विचारले की कोणता आलिम, म्हणजे धर्मपंडित, कुठे उभा आहे ते स्पष्ट होऊ लागते.

पहिल्या वाक्यात हाकही अल्लाहला आहे आणि देणाराही तोच आहे. वली केवळ आधार म्हणून आला आहे. चारही सुन्नी मजहबांच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखांच्या, नंतरच्या बहुसंख्य आलिमांनी हे योग्य ठरवले. उत्तर भारतातल्या देवबंद मदरशाच्या आलिमांना हिजाजमधून (मक्का-मदीन्याच्या प्रदेशातून) २६ प्रश्न पाठवण्यात आले होते. त्यांना खलील अहमद सहारनपुरी यांनी १९०७च्या सुमारास दिलेली उत्तरे ‘अल-मुहन्नद’ या नावाने प्रसिद्ध आहेत आणि त्यांत नबी व वली यांचा वसीला, हयातीत आणि मृत्यूनंतरही, या पहिल्या वाक्याच्या धर्तीवर घेणे मान्य केले आहे. देवबंदी म्हणजे दर्ग्याचे सरसकट विरोधक अशी जी समजूत आपल्याकडे आहे ती निदान या मुद्द्यावर टिकत नाही. उलट बाजूला, इमाम अबू हनीफा यांनी “अमक्याच्या हक्काने दे” ही शब्दयोजना नापसंत केल्याचे त्यांच्या अनुयायांच्या, म्हणजे हनफींच्याच, ‘हिदाया’ या ग्रंथात नोंदले आहे, कारण निर्मात्यावर कोणाही निर्मिताचा हक्क चालत नाही. आक्षेप आहे तो ‘हक्क’ या शब्दाला. मागणाऱ्याने शब्द किती तोलून वापरावेत याचा हा नमुना आहे.

दुसऱ्या वाक्यात हाक कबरीकडे वळते, मात्र देणारा अल्लाहच राहतो. येथे प्रश्न उभा राहतो तो ऐकू येण्याचा. बद्रच्या लढाईत मारल्या गेलेल्या कुरैश सरदारांची प्रेते एका विहिरीत टाकल्यानंतर पैगंबरांनी (स.) त्यांना नावानिशी हाका मारल्या, निर्जीव देहांशी काय बोलता असे विचारल्यावर, तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त ऐकत नाही, असे त्यांनी सांगितले. ही हदीस बुखारीत आहे, आणि तिच्यावर पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांनी घेतलेली हरकतही बुखारीतच आहे: पैगंबरांचा आशय ‘आता त्यांना सत्य कळले’ असा होता, कारण कबरीत असलेल्यांना तुम्ही ऐकवू शकत नाही, असे कुरआन सांगते. म्हणजे मतभेद सहाबांच्या, पैगंबरांच्या सोबत्यांच्या, पिढीतच आहे. पैगंबर आपल्या कबरीत हयात आहेत असे बहुसंख्य सुन्नी मानतात, आणि शहीद हयात आहेत असे तर सूरा बकरा आणि सूरा आले-इमरान यांतच म्हटले आहे; पण ती हयाती आपल्या हाकेला ओ देण्याजोगी आहे का, यावर एकमत नाही.

यावरून चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये जो वाद पेटला, त्याचीच ठिणगी तुमच्या घरापर्यंत आलेली आहे. इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी वसीला या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जिवंत माणसाची दुआ मागणे हाच खरा वसीला, मृताला हाक मारणे ही सहाबांच्या काळात नसलेली आणि शिर्ककडे नेणारी वाट, असे त्यांचे प्रतिपादन होते. कबरींच्या दर्शनासाठी प्रवास करण्याविरुद्धच्या फतव्यावरून त्यांना १३२६मध्ये कैद झाली आणि दमास्कसच्या किल्ल्यात कैदी म्हणूनच ते वारले. त्यांचे खंडन शाफई आलिम तकीउद्दीन सुबकी (१२८४–१३५५) यांनी केले. पैगंबरांचा वसीला आणि त्यांच्याकडे शफाअत मागणे ही पूर्वापार चालत आलेली गोष्ट असून तिला नाकारणारे पहिले हेच, असे त्यांचे म्हणणे. जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. इब्न तैमियांच्याच शिष्यांपैकी असलेले इब्न कसीर आपल्या इतिहासात लिहितात की गुरूंच्या दफनाला लोटलेल्या गर्दीतल्या काहींनी त्यांच्या गुस्लाचे (मृतस्नानाचे) उरलेले पाणी बरकत म्हणून प्राशन केले. लोकांची श्रद्धा कोणाच्या ग्रंथाला विचारून चालत नाही.

तिसऱ्या वाक्यात हाकही बाबांना आहे आणि ‘बरे करा’चा कर्ताही तेच आहेत. खरा तंटा येथे आहे. अरबस्तानातल्या नज्दचे मुहम्मद बिन अब्दुल वह्हाब (१७०३–१७९२) यांनी याला माणसाला इस्लामबाहेर नेणारे शिर्क म्हटले, आणि तुमच्या भाच्याची भाषा तिथून आलेली आहे. पण हा सूर केवळ आखातातून आला असे समजणेही चूक होईल. त्यांच्याच जन्मसाली जन्मलेले दिल्लीचे शाह वलीउल्लाह स्वतः सूफी परंपरेतले होते, तरी हाजत (गरज) मागण्यासाठी अजमेरला जाणाऱ्यांवर त्यांनी अत्यंत कडक शब्दांत टीका केली, आणि त्यांचे नातू शाह इस्माईल यांनी ‘तक्वियतुल ईमान’मध्ये तीच टीका साध्या उर्दूत घरोघरी पोहोचवली. याला बरेलीच्या अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांच्या बरेलवी परंपरेचे उत्तर असे: शक्ती दोन प्रकारची असते, स्वतःची म्हणजे जाती आणि दिलेली म्हणजे अताई, वलीकडे मागणारा मुसलमान त्याची शक्ती अल्लाहने दिलेली मानतो, तेव्हा ‘बाबांनी बरे केले’ हे वाक्य लाक्षणिक अर्थाचे ठरते. आपला शेतकरी “पावसाने सोयाबीन तारले” म्हणतो तेव्हा तो पावसाला देव करत नाही, तसेच हे. शिया परंपरा तर इमामांच्या वसील्याला दुआचा नित्याचा भागच मानते. दुआ-ए-तवस्सुलमध्ये एकेका इमामाचे नाव घेऊन अल्लाहपाशी शफाअत करण्याची विनंती केली जाते, म्हणजे आपल्या यादीतले दुसरे वाक्य.

पावसाची ती तुलना चतुर आहे, पण पाऊस ऐकत नाही आणि त्याला कोणी नवस बोलत नाही, म्हणून ती मला पूर्णपणे पटत नाही. विरोधकांची सर्वात भक्कम आयत सूरा जुमरची तिसरी आहे. मक्केचे मूर्तिपूजक म्हणत की आम्ही यांची उपासना केवळ अल्लाहच्या जवळ जाण्यासाठी करतो, आणि सूरा यूनुसच्या १८व्या आयतीत तेच लोक आपल्या दैवतांना ‘आमचे शिफारस करणारे’ म्हणतात. समर्थक यावर म्हणतात, आणि त्यातही वजन आहे, की त्या आयतीत ‘उपासना’ हा शब्द आहे, विनंती हा नव्हे. हाक मारणे म्हणजे पूजणे ठरले तर रस्त्यात ओरडून मदत मागणारा प्रत्येक जण मुश्रिक (शिर्क करणारा) ठरेल.

दोन्ही बाजू ज्या एका प्रसंगावर हक्क सांगतात तो मराठवाड्याच्या वाचकाला फार ओळखीचा वाटेल, कारण तो दुष्काळाचा आहे. हिजरी १८व्या वर्षी अरबस्तानात पाऊस पडला नाही, जमीन राखेसारखी झाली, म्हणून त्या सालाला राखेचे साल असेच नाव पडले. दुसरे खलीफा हजरत उमर दुष्काळात पावसाची नमाज पढण्यासाठी पैगंबरांचे चुलते हजरत अब्बास यांना पुढे करत. या अल्लाह, आम्ही पूर्वी आमच्या नबींचा वसीला घेत होतो आणि तू पाऊस देत होतास, आता नबींच्या चुलत्यांचा वसीला घेतो, पाऊस दे, अशी त्यांची दुआ बुखारीत आहे. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना अशा नमाजेला जमलेल्या माणसांचे चेहरे समजावून सांगावे लागत नाहीत. विरोधक विचारतात, पैगंबरांची कबर तिथेच मदीन्यात असताना उमर जिवंत चुलत्यांकडे का गेले? समर्थक म्हणतात, “नबींचे चुलते” या शब्दांतच नबींचा वसीला आला, शिवाय एक दार निवडले म्हणून दुसरे बंद झाले असे होत नाही. त्याच काळात कोणी एक जण पैगंबरांच्या कबरीवर जाऊन उम्मतीसाठी पाऊस मागण्याची विनंती करून आला, अशी दुसरी रिवायत इब्न अबी शैबा यांच्या संग्रहात आहे. तिच्या सनदीवरून, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवरून, वाद आहे. एका अंध माणसाला पैगंबरांनी शिकवलेली दुआ तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे, आणि तिच्यात तर “या अल्लाह” आणि “या मुहम्मद” ही दोन्ही संबोधने एकापाठोपाठ येतात, म्हणजे माझी व्याकरणाची फूटपट्टी तिथे थोडी वाकते. पण शेवटचे मागणे त्या दुआतही अल्लाहकडेच आहे: त्यांची शफाअत माझ्या बाबतीत कबूल कर.

तुमच्या घराविषयी. अम्मीचे वाक्य तिसऱ्या प्रकारचे आहे. माझे मत असे की जे वाक्य निर्दोष ठरवण्यासाठी जाती आणि अताई अशी दोन पारिभाषिक पदे लागतात, ते आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या आईच्या तोंडी नसलेलेच बरे. “या अल्ला, बाबा के सदके मेरे बच्चे को अच्छा कर” एवढा बदल तिला कोणी समजुतीने सुचवला तर बरेलवीही त्याला हरकत घेणार नाहीत आणि देवबंदीही घेणार नाहीत. तुमचा भाचा कदाचित यालाही हरकत घेईल, कारण त्याच्या परंपरेत पहिले वाक्यही बिदअत, म्हणजे धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट, आहे. पण बिदअत आणि शिर्क यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे हे त्याच्याच परंपरेचे आलिम त्याला सांगतील. आणि नानीला कलमा पुन्हा पढायला लावण्यापूर्वी त्याने एक हदीस वाचावी: जो आपल्या भावाला काफिर म्हणतो, त्या दोघांपैकी एकावर तो शब्द येऊन पडतोच. तीही बुखारीतच आहे. अम्मीला विचारा, तिच्या मुलाला कोणी बरे केले. आमच्या नानीला लहानपणी मी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा ती सुपारी कातरताना थांबली आणि “अल्लाने, और कौन? बाबा तो अल्ला के दोस्त है,” म्हणून पुन्हा कातरू लागली.

प्रश्न: आम्ही मराठा कुटुंबातले आहोत. वाडीच्या शिवारात एका पीराचे ठाणे आहे आणि आमच्या घरात चार पिढ्यांपासून नवसाची कंदुरी होते. बकरे मुलाणीच कापतात, म्हणजे गावातल्या मुसलमान मंडळींना जेवता येते. या वर्षी दोन घरे जेवायला आली नाहीत. आमच्याकडून काही चुकले का? – एक वाचक, माजलगाव तालुका

उत्तर: तुमच्याकडून काही चुकलेले नाही, आणि ती दोन घरे तुमच्यावर रुसली आहेत असेही समजू नका. त्यांच्यापुढचा पेच बकऱ्याचा आहे. कुरआनात निषिद्ध अन्नाच्या यादीत, सूरा बकराच्या १७३व्या आयतीत, ‘अल्लाहशिवाय इतर कोणाचे नाव पुकारले गेलेले’ असा एक प्रकार येतो. पुकारले केव्हा, यावर मतभेद आहे. बहुसंख्य भाष्यकार म्हणतात, सुरी फिरतानाचे नाव पाहायचे. मुलाणी “बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर” म्हणून कापतो, तेव्हा मांस हलाल. शाह वलीउल्लाह यांचे चिरंजीव शाह अब्दुल अजीज यांनी मात्र असे मांडले की बकरे वर्षभर ‘पीराचे’ म्हणून वाढवले, त्याच्या गळ्यात पीराच्या नावाचा धागा बांधला, तर कापताना अल्लाहचे नाव घेऊनही ते मांस हलाल होत नाही, कारण जीव आधीच दुसऱ्याच्या नावावर चढला. अहमद रजा खान यांनी या मताचा प्रतिवाद केला: वलीचे नाव ही ओळख आहे, कुर्बानी अल्लाहसाठीच आणि तिचे पुण्य वलीच्या आत्म्याला. माझा अंदाज असा की जेवायला न आलेल्या घरांनी कोणाकडून तरी शाह अब्दुल अजीज यांचे मत ऐकले असावे.

नवसाविषयी मात्र हनफी फिक्ह (आचारशास्त्र) पुष्कळ स्पष्ट आहे. सतराव्या शतकातले दमास्कसचे हस्कफी यांच्या ‘दुर्रुल मुख्तार’ या ग्रंथात, जो देवबंदी आणि बरेलवी दोघेही प्रमाण मानतात, असे म्हटले आहे की सामान्य लोक मृतांच्या नावाने जो नवस बोलतात आणि वलींच्या कबरींवर त्यांच्या मर्जीसाठी जे पैसे, मेणबत्त्या, तेल नेतात, ते सर्वसंमतीने निरर्थक आणि हराम आहे. अपवाद एकच, ते गोरगरिबांवर खर्च करण्याचा हेतू असेल तर. त्या अपवादाच्या फटीतून अख्खी कंदुरी आत येते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण कंदुरीत नवस बोलणाऱ्याच्या वाट्याला रश्शाच्या चार पळ्या येतात आणि बाकी हंडा पंगतीत रिकामा होतो. बरेलवी आलिम या देण्याला शरई अर्थाचा नवस न म्हणता ‘नजर-नियाज’ म्हणजे भेट मानतात आणि तिचे पुण्य वलीला पोहोचवतात. हा नियम मुसलमानांच्या आचारासाठी आहे. तुम्ही नवस कसा बोलावा हे सांगणे त्या ग्रंथाचे काम नाही आणि माझेही नाही. त्या दोन घरांसाठी पुढल्या वर्षी कोरडा शिधा किंवा मलिदा पोहोचवा, तो कोणाच्याही मताआड येण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न: कयामतीच्या दिवशी पैगंबर शफाअत करतील हे सगळेच मानतात. मग तीच आज मागितली तर बिघडते कुठे? – पदवीची विद्यार्थिनी, वसमत

उत्तर: सगळेच मानतात हे जवळजवळ खरे आहे; फक्त जुन्या काळातले मुअतजिली पंथाचे लोक मोठी पापे करून तौबा न करता मेलेल्यांसाठीची शफाअत नाकारत. सुन्नींची त्या दिवसाची कथा अशी की घामाघूम झालेली माणसे आदमांकडे जातील, ते नूहांकडे पाठवतील, मग इब्राहीम, मूसा, ईसा असे एकेका दारावरून परत येत येत शेवटी मुहम्मदांपाशी पोहोचतील. ते सजद्यात पडतील आणि मस्तक उचल, माग, शफाअत कर, असे म्हटले जाईपर्यंत उठणार नाहीत. या कथेतला तो थांबा महत्त्वाचा आहे. आयतुल कुर्सीत म्हटल्याप्रमाणे त्याच्या परवानगीशिवाय त्याच्यापुढे शफाअत करणारा कोण आहे? सूरा अंबियाच्या २८व्या आयतीत दुसरी अट येते, की ज्याच्याविषयी अल्लाह राजी असेल त्याच्यासाठीच. म्हणजे वशिल्याच्या कचेरीपेक्षा हे उलटे आहे. तिथे मेहुणा साहेबाला न विचारता फाइल सरकवतो. इथे शिफारस करणाऱ्याला बोलण्याची आज्ञाही साहेबाकडूनच यावी लागते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही “या अल्लाह, मला नबींची शफाअत नसीब कर” म्हणालात तर जगातला एकही आलिम हरकत घेणार नाही. “या रसूलल्लाह, माझी शफाअत करा” हे मदीन्यात रौज्यासमोर (पैगंबरांच्या कबरीसमोर) म्हणणे चार मजहबांच्या बहुसंख्य ग्रंथांत हजच्या अदबीत नोंदलेले आहे, आणि सूरा निसाच्या ६४व्या आयतीचा आधार त्याला दिला जातो. याच आयतीच्या भाष्यात इब्न कसीर, पुन्हा तेच, कबरीपाशी येऊन क्षमा मागणाऱ्या एका खेडूत अरबाची गोष्ट न नाकारता देतात. सलफी आलिम, म्हणजे इब्न तैमियांच्या वाटेने जाणारे, तिला निराधार ठरवतात आणि ती आयत हयातीपुरती मानतात.

या संदर्भात जनाजाच्या, म्हणजे अंत्यविधीच्या, नमाजेकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्याच्या जनाजाला शिर्क न करणारी चाळीस माणसे उभी राहतात, त्याच्याविषयीची त्यांची शफाअत अल्लाह कबूल करतो, असे ‘मुस्लिम’ या हदीससंग्रहात आहे. शब्द तोच, दिशा उलटी: जिवंत माणसे मृताची शिफारस करतात. आणि जनाजा लहान मुलाचा असेल तर हनफी दुआ बदलते. त्या मुलाला आमच्यासाठी शफाअत करणारा कर आणि त्याची शफाअत मान्य कर, असे त्या ओळीत म्हणतात. दोन वर्षांच्या लेकराला समोर ठेवून बाप ही ओळ म्हणतो तेव्हा तो मृताकडून शिफारसीची आशा बाळगतो, पण हाक लेकराला मारत नाही. तुम्ही विचारलेल्या फरकाचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

प्रश्न: खुलताबादला गेलो होतो. एवढे वाद असताना कबरीपाशी निर्धोकपणे म्हणावे तरी काय? – एक वाचक, कन्नड

उत्तर: खुलताबादच्या टेकडीवर बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) आहेत, त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी आहेत, आणि निजामुद्दीन औलियांची संभाषणे लिहून ठेवणारे कवी अमीर हसन आहेत. वलींच्या सावलीत जागा मिळावी या ओढीने राज्यकर्तेही तिथेच आले: जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची उघड्या आभाळाखालची कबर आहे, तर बुरहानुद्दीनांच्या आवारात पहिला निजाम आहे. सान्निध्याची ही ओढ वेगळी आणि मागणे वेगळे. पहिलीवर वाद कमी झाला.

कबरींना भेट देण्याची पैगंबरांनी आधी मनाई केली होती आणि नंतर परवानगी दिली, कारण तिथे आखिरतची (परलोकाची) आठवण होते. तिथे म्हणायचे शब्दही हदीसमध्ये आले आहेत आणि त्यांवर कोणत्याही पंथाचा आक्षेप नाही. त्यांचा मराठी आशय असा: या वस्तीतल्या श्रद्धावंतांनो, तुम्हाला सलाम, अल्लाहने इच्छिले तर आम्हीही तुम्हाला येऊन मिळणारच आहोत, आम्ही आमच्यासाठी आणि तुमच्यासाठी अल्लाहकडे खुशाली मागतो. यातही संबोधन कबरीतल्यांनाच आहे, आणि मागणे अल्लाहकडे. अरबी पाठ नसेल तर मराठीतून म्हटले तरी चालते. मग फातिहा पढून तिचे पुण्य त्यांना पोहोचावे अशी दुआ हनफी करतात. जाळीला धागा बांधायचा की नाही हे तुमच्या मुजावराला विचारू नका, त्याच्याकडे ते विकायला असतात.